उजेडात धरलेला कागद

ऑफिसात मला काजळकाका म्हणतात. लोक अर्ज करून सरकारी कागद मागतात, त्यांवरची नावं, पत्ते, आजार मी काळ्या मार्करने झाकतो, म्हणून. कायदा म्हणतो, मागेल त्याला कागद द्या. तोच कायदा पुढे म्हणतो, कुणाचं खासगी असेल तेवढं झाकून द्या. या दोन वाक्यांच्या मध्ये माझी सव्वीस वर्षं गेली.

काम सोपं आहे. मूळ कागदाची झेरॉक्स काढायची, तिच्यावर मार्कर फिरवायचा, मग त्या काळ्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढून तीच बाहेर द्यायची. कारण मार्करचा कागद उजेडात धरला की खालची अक्षरं दिसतात. नव्याने आलेल्याला मी हे पहिल्याच दिवशी दम देऊन शिकवतो. आणि मी कागद वाचत बसत नाही. डोळा शब्द हुडकतो, हात झाकतो. वाचत बसलो असतो तर केव्हाच वेड लागलं असतं.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती आणि मी वैतागलो होतो. तिची मुलगी चार वर्षांपूर्वी भांडून घरातून गेली, ती गेलीच. दूरच्या एका सरकारी दवाखान्यात वारली. घरी कळलं ते महिन्याभराने, पत्राने. बाईंना दवाखान्यातली शेवटच्या दिवसाची नोंद हवी होती.

मी माझं नेहमीचं पाठांतर म्हणून दाखवलं. मुलगी सज्ञान होती, माहिती गुप्त ठेवा म्हणून तिने भरती होताना सही केली होती, माणूस गेलं तरी ती सही राहते, आईबापांनाही ती लागू. बाईंनी वाद घातला नाही.

"आजार नका सांगू, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिने मला विचारलं होतं का, एवढंच बघायचंय."

साहेबांची सही होईपर्यंत त्या दर सोमवारी येऊन बाकावर बसायच्या. मी उगाच फायली आपटायचो. राग त्यांचा नव्हताच. त्या नोंदीवर मार्कर फिरवताना नर्सच्या गिचमिड अक्षरातला 'आई' हा शब्द मला दिसला होता. नातेवाईक म्हणजे तिसरी व्यक्ती, म्हणून हाताने सवयीने अख्खी ओळ झाकली. पण शब्द डोक्यातून जाईना. मरताना माणूस आईला हाक मारतं, दुसरं काय असणार?

चौथ्या सोमवारी मी नियम खुंटीला टांगला. झेरॉक्सऐवजी मार्करचाच कागद पाकिटात घातला आणि म्हणालो, खिडकीपाशी बसून सावकाश बघा, तिथे उजेड चांगला आहे. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यांनी कागद काचेला लावला. मग बराच वेळ नुसती पाठ दिसत राहिली. मला राहवेना. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि मीच झाकलेली ती ओळ पहिल्यांदा वाचली.

'आईला कळवू नका, असे रुग्णाने तीन वेळा सांगितले.'

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्या पोरीने जगाकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती सांभाळायचा पगार मी घेत होतो. आईला सुख द्यायच्या नादात मी दोघींचाही गुन्हेगार झालो.

"तीन वेळा," बाई म्हणाल्या. "म्हणजे तीन वेळा आठवण काढली की." त्या हसायला गेल्या आणि मग त्यांना रडू आवरेना. मी पाण्याचा ग्लास धरून शेजारी उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं, कागदाची घडी घातली आणि तो माझ्या हातात परत दिला.

"याची झेरॉक्स काढून द्या. घरी हिचे बाबा थांबलेत. तेही उजेडात धरतील."

"त्यांना काय सांगाल?"

"काही नाही. त्यांना वाटतं, शेवटी तिने त्यांचंच नाव घेतलं असेल. वाटू दे."

मी त्या ओळीवरून मार्कर आणखी दोनदा फिरवला आणि झेरॉक्स नेहमीपेक्षा गडद काढली.