विल्फची पॉप्युलर

"टाकीतलं पेट्रोल कुणीतरी पळवतंय, क्लेम," विल्फ हॉवर्थ म्हणाला. पेट्रोल मोजायला हातातली वेताची काठी त्याने आत्ताच गाडीच्या टाकीत बुडवून काढली होती आणि डोळे माझ्यावर रोखले होते.

"म्हणजे मी चोर?"

"मी नाव घेतलं का कुणाचं? सीटही पुढं सरकवलेली असते. कुणीतरी बुटका आहे."

आमच्या गल्लीत माझ्याइतका बुटका दुसरा पुरुष नव्हता.

सुएझ कालव्याच्या भानगडीने त्या हिवाळ्यात अख्ख्या इंग्लंडात पेट्रोल कुपनांवर आलं होतं, तेव्हा संशय कुणालाही यावा. पण विल्फचा स्वभावच तसा. कापडगिरणीत जॉबर, माग बिघडला की आधी विणकरणीवर डोळे वटारणार, मग पान्हा हातात घेणार. त्याची गाडी फोर्ड पॉप्युलर, देशातली सगळ्यात स्वस्त. घडण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, हीटर नाही, वायपर एकच आणि तोही चढ लागला की धापा टाकत थांबणारा. पण आमच्यासारख्यांच्या दारात चार चाकं आली ती तिच्यामुळेच. मीही पाठोपाठ तीच घेतली, तशीच काळी. मी त्याची नक्कल केली असं विल्फ सगळ्यांना सांगे. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन गिरणीला निघाल्याचं दाखवून मागच्या बोळातून वळून माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसला.

"तू माझ्या नजरेसमोर राहा. म्हणजे तू नव्हेस हे तरी कळेल."

माझाच चहा पीत माझ्यावरच पहारा!

थोड्या वेळाने खिडकीतून दिसणाऱ्या त्याच्या गाडीच्या शेडचं दार उघडलं. डोक्याला रुमाल बांधलेली एडना, त्याची बायको, बाहेर आली. तिने गाडीला शिकाऊ चालकाच्या पाट्या बांधल्या आणि गाडी बोळात काढली. लायसनची परीक्षा घेणारे साहेब कुपनांच्या कामाला जुंपले होते, म्हणून त्या दिवसांत शिकाऊ माणसाला एकट्याने गाडी चालवायची मुभा होती.

"कोण आहे रे?" विल्फने विचारलं. त्याचं नाक खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं.

मी एकदा बोळात आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. "एडना आहे."

त्याचा चेहरा पडला. "कुणाकडे जाते ही? या वयात?"

ती परत येईपर्यंत तो तोच प्रश्न चघळत होता. तिने गाडी शेडमध्ये लावली आणि पुढच्या रस्त्याने घराकडे आली, तर हा त्यांच्या दारात उभा आणि मी माझ्या.

"कोण आहे तो?"

"कोण तो?"

"ज्याच्याकडे माझं पेट्रोल जाळत जातेस तो!"

एडनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग समोरच्या चॅपेलच्या, म्हणजे आमच्या लहानशा चर्चच्या, भिंतीपाशी उभ्या असलेल्या काळ्या पॉप्युलरकडे बोट केलं. "तिचा नंबर इथूनच वाच. परीक्षेत हेच पहिलं विचारतात."

"मला माझ्याच गाडीचा नंबर विचारतेस?" त्याने नंबर घडाघडा म्हणून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही.

"ती क्लेमची गाडी आहे, विल्फ," एडना हळूच म्हणाली. "आपली मागे शेडमध्ये आहे."

विल्फने डोळे बारीक करून पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मला घरात जावंसं वाटलं.

"दूधवाल्याच्या घोड्याला घासून गेलास तेव्हाच कळलं मला, तुला नीट दिसत नाही ते. तू सांगशील म्हणून वाट पाहिली. आता गाडी तू चालवायचीही नाही आणि विकायचीही नाही. मी चालवीन."

"गिरणीत कुणाला बोललीस का?" विल्फ कुजबुजला.

"वेडा आहेस का? कामावरून काढतील तुला."

तो माझ्याकडे वळला. जन्मभर माझ्यावर संशय घेणारा माणूस पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागत होता. मला फार वाईट वाटलं. "मी कशाला कुणाला सांगतोय!" मी म्हणालो.

रविवारी चॅपेलच्या वेळेला अख्खी गल्ली दारात उभी होती. विल्फने एडनासाठी उजवीकडचं दार उघडलं, ती बसल्यावर लावलं आणि बॉनेटवर हात ठेवत गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसला. गाडी थोडी पुढे जाऊन बंद पडली. कुणीतरी हसलं. विल्फ रविवारचा कोट सावरत खाली उतरला, पुढे वाकून हँडल मारलं, इंजिन सुरू झालं तशी सगळ्यांना टोपी उंचावून नमस्कार केला आणि पुन्हा एडनाच्या शेजारी जाऊन बसला.