शिसं, कडी की मणी

काटेमास्तरांनी चाळीस वर्षं बाजारातले वजनकाटे दुरुस्त केले आणि त्या चाळीस वर्षांत घाई कधी त्यांच्या वाटेला गेली नाही. दुकानदार दारात ताटकळत उभा राहायचा, गिऱ्हाईकं कंटाळून निघून जायची, पण मास्तरांच्या हातून काटा सुटायचा नाही. "दोन ग्रॅमनं काय आभाळ कोसळतंय?" असं कुणी म्हणालंच, तर ते चष्म्यावरून त्याच्याकडे नुसते बघायचे. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी त्यांचा एकच धडा असायचा: आधी रिकामा काटा बघा. पारड्यात काही नसताना तो शून्यावर आहे का, ते कळल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही. खोटं वजन त्यांनी कधी चालवून घेतलं नाही, आणि खोटं बोलणंही त्यांना जमायचं नाही. बायको म्हणायची, "हे कुणाला 'बरे दिसताय' म्हणायचं झालं तरी आधी दोनदा बघून घेतात."

ती बायको आता अंथरुणाला खिळली होती. प्रकृती पहिल्यापासून तोळामासाच. त्यात आजार पाठीच्या कण्यात उतरला. कूस बदलायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "त्यांना कुठं जाऊन यायचं असेल तर महिन्याभरात उरका. आडवं झोपवून न्या आणि हिसके बसू देऊ नका," त्या म्हणाल्या.

कुठं जायचं ते विचारायची गरजच नव्हती. बायकोची थोरली बहीण, आक्का, दोन दिवसांच्या वाटेवर राहायची. दोघी नऊ वर्षांत भेटल्या नव्हत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून आक्का वॉकर धरून चालायची. खोलीपासून फाटकापर्यंत जायला तिला पाऊण तास लागायचा. रोज दुपारी चारला तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "निघालात का गं?"

साधन तर दारातच उभं होतं. निवृत्तीनंतर मास्तरांनी हौसेनं मोटारहोम घेतलं होतं. मागं पलंग, मधे ओटा आणि छोटा फ्रीज, कोपऱ्यात संडास, खाली सहा चाकं. तीन प्रवास झाले आणि बायको आजारी पडली. आता मास्तरांनी त्या पलंगावर दोन गाद्या घातल्या, बायकोला उचलून त्यावर निजवलं आणि चाचणी म्हणून शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारली. मागून आवाज आला, "अहो, थरथरतंय हो. पाठीत शिरतंय."

झालं. मास्तरांनी गाडी वळवली ती थेट टायरच्या दुकानात नेली.

टायरवाली पन्नाशीची, अंगानं धिप्पाड आणि जिभेनं फटकळ. तिनं सहाही चाकं उतरवली, एकेक यंत्रावर चढवून फिरवली आणि हात पुसत म्हणाली, "काका, चाकं ठीक आहेत तुमची. पुढच्या एका चाकाच्या तोलात चाळीस ग्रॅमचा फरक आहे. शिसं ठोकते रिमला, की मोकळे."

"चाळीस ग्रॅम?" मास्तरांचा चेहराच पडला. वाण्याच्या काट्यात चाळीस ग्रॅमचा फरक म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा.

"अहो, एवढ्या धुडाला चाळीस ग्रॅम म्हणजे किस झाड की पत्ती! कुणाला कळायचेसुद्धा नाहीत."

"तिला कळतात," मास्तर म्हणाले.

शिसं ठोकून झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी, आणि पुन्हा मागून तोच आवाज. मग मात्र मास्तर हट्टालाच पेटले. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधल्याशिवाय निघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. जेवणाच्या टेबलावर वही आली. शिशाचे तुकडे उघड्यावर दिसतात, मोजता येतात, पण टायर झिजला की ते वजन जुनं होतं. चाकामागं एक पोकळ कडी बसवता येते. तिच्यातल्या गोळ्या चाक फिरेल तशा जागा बदलतात. आणि तिसरा उपाय, टायरच्या आतच बारीक मणी ओतायचे. गाडी वेगात आली की ते आपोआप हवे तिथं जाऊन बसतात म्हणे. मास्तरांना हे 'आपोआप' आवडेना. बंद टायरच्या आत, कुणी बघत नसताना स्वतःच तोल सांभाळणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा कसा? कडी की मणी, मणी की कडी, यातच सहा दिवस गेले. एवढ्यात माणूस आक्काकडे जाऊन, चहा पिऊन, परत येऊन झोपलासुद्धा असता.

"अहो, जाऊ या ना तसेच," बायको म्हणाली. "सोसेन मी."

"तुला सोसायला लावून न्यायचं असतं तर मालट्रकमध्ये घातली असती. जरा दम धर."

खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. बायकोच्या दुखण्यापुढं त्यांचं काही चालत नव्हतं. चाकांपुढं चालत होतं. वही उघडून बसलं की तेवढा वेळ त्यांना वाटायचं, आपण तिच्यासाठी काहीतरी करतोय.

शेवटी मणी ठरले. ते बाहेरून मागवावे लागले, त्यात आणखी नऊ दिवस गेले. टायरवालीनं टायर सोडवून मास्तरांसमोर मणी तोलले, ओतले, हवा भरली. जाताना ती म्हणाली, "काका, रागावू नका. पण मला नाही वाटत दोष चाकात आहे." मास्तरांनी तिकडे कानाडोळा केला. या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची एरवी त्यांची रीत नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला पुन्हा पलंगावर निजवलं. तिचं वजन आणखी उतरलं होतं. हातांना ते न मोजताच कळलं. स्टिअरिंगपुढच्या फळीवर त्यांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि मोठ्या रस्त्याला लागले. वेग वाढवला, आणखी वाढवला. पेल्यातून थेंबही सांडला नाही, पाणी काठाशी जेमतेम हलत होतं. मास्तरांचा ऊर भरून आला. जिंकलो, असं त्यांना वाटलं. आता घरी जाऊन औषधं आणि कपडे भरायचे, की दुपारी निघायचं.

"कसं काय आता?" त्यांनी ओरडून विचारलं.

मागून उत्तर आलं, "थरथरतंय हो."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं जाऊन पलंगाच्या कडेला बसले. बाहेर मैलभर चिटपाखरू नव्हतं. बायकोचे डोळे मिटलेले होते आणि मुठीत चादर आवळलेली होती.

"अहो," ती म्हणाली, "जरा हळू चालवा ना. फारच थरथरतंय आता."

गाडी जागची हलत नव्हती. मास्तरांनी चादर बाजूला करून तिच्या पोटरीवर तळवा ठेवला. कातडीखाली बारीक, न थांबणारी थरथर होती.

"घरी पलंगावरसुद्धा होतं का गं असं?"

"होतं की. मला वाटलं, गाडीतून उतरल्यावर अंगात राहतं ना थोडं, तसं असेल."

चाळीस वर्षं जगाला शिकवलेला पहिला धडा मास्तर स्वतः विसरले होते. रिकामा काटा त्यांनी बघितलाच नव्हता. गाडी उभी असताना 'आता कसं वाटतंय' हे एकदा विचारलं असतं, तर पहिल्या दिवशीच सगळं कळलं असतं. दुसऱ्या दिवशी निघाले असते तर तिसऱ्या दिवशी दोघी बहिणी एकमेकींसमोर असत्या. ते तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडले. बायकोला वाटलं, गाडी बिघडली. तिनं त्यांची समजूत घातली.

घरासमोर आल्यावर तिला उतरवायला गेले तर ती अशी किंचाळली की मास्तरांनी हात काढून घेतले. डॉक्टरीणबाईच गाडीत आल्या. त्यांनी तपासलं, मोठं इंजेक्शन दिलं आणि मास्तरांना ओट्यापाशी बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "आता कुठंही हलवायचं नाही. इथंच राहू द्या. दोन दिवस, फार तर तीन."

त्या गेल्यावर ते पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले. औषधानं तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. पोटरीवर हात ठेवून बघितलं तर थरथर थांबली होती. साडेतीनच्या सुमारास तिनं डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"किती छान चाललीय हो गाडी आता. कळतसुद्धा नाही." मग जरा वेळानं म्हणाली, "आक्काचं घर किती राहिलं?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर त्यांच्याच घराचा दरवाजा होता. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"आलंच," ते म्हणाले.

चार वाजता फोन वाजला. मास्तर उचलणार तोवर तिनं उशीजवळचा फोन स्वतःच कानाला लावला. "आक्का," ती म्हणाली, "अगं, आम्ही पोचतोच आहोत!"

फोनमधून आक्काचा आवाज मास्तरांनाही ऐकू आला, हसत आणि रडत. "खरंच? आधी सांगायचं नाही का गं? थांब, मी फाटक उघडायला निघते. फोन ठेवू नकोस!"

बायकोच्या हातातून फोन गळला. तिला पुन्हा झोप लागत होती. मास्तरांनी फोन उचलून कानाशी धरला. पलीकडं आक्कानं तो पदरात खोचला असावा. कापडाची सळसळ आली, मग वॉकर जमिनीवर टेकल्याचा आवाज. मधे थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टेकला.

बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू मास्तर म्हणाले, "आक्का, थांबा." इतकं हळू बोललेलं आक्कालाही ऐकू गेलं नाही. वॉकर पुन्हा टेकला.