एकशे तेरा नंबरची ओळ

मेघाट गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर वाळवीनं फस्त केलं, तेव्हा खुशालराव गुरुजींच्या मनात पहिल्यांदा आलं, की माणसांचे जन्म आपण एकाच वहीत ठेवतो, हे काही खरं नाही.

गुरुजी चांदूर बाजारच्या प्राथमिक शाळेत होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते मागं सरत. पण हातानं काही करायचं असलं की माणूस हरखून जाई. त्यांनी टिनाच्या ट्रेमध्ये सरस आणि ग्लिसरीन उकळून ओतलं. ते गार होऊन गादीसारखं थिजलं. जांभळ्या शाईनं रजिस्टराची नक्कल लिहायची, तो कागद गादीवर दाबायचा, आणि मग त्यावर कोरे कागद लावत जायचं. एका लिहिण्यात पाच-सहा प्रती निघत. तीन उन्हाळे खपून त्यांनी सतरा शाळांची रजिस्टरं उतरवली. एक प्रत शाळेत, एक स्वतःकडे आणि एक अकोल्याला, जठारपेठेत राहणाऱ्या माणिकबाईच्या, म्हणजे बहिणीच्या ट्रंकेत. मोबदला घेतला नाही. कुणी कृती विचारली, तर पोस्टकार्डावर लिहून धाडत.

बासष्ट साली शिरजच्या शाळेचं छप्पर पावसात बसलं. रजिस्टराचा लगदा झाला, शाळेतली प्रतही त्यातच गेली. गुरुजींची स्वतःची प्रत शिरजच्याच हेडमास्तरांनी नेली होती, तीही त्याच कपाटात होती. गुरुजींनी मनात म्हटलं, अकोल्याची आहे. आणि आपली मेहनत कामी येणार म्हणून त्यांना, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

म्हणून शिरजचे पंजाबराव आपल्या मुलीला, ललिताला घेऊन आले, तेव्हा ते उत्साहानं त्यांच्यासोबत अकोल्याला निघाले. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या दाईच्या शिक्षणाच्या वर्गात पोरीचा अर्ज होता. वयाचा आणि शाळेचा पुरावा हवा होता आणि आजच शेवटचा दिवस होता. पंजाबराव मजुरी करत. छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हापासून पोरीनं काहीतरी शिकावं, हे एकच त्यांनी धरून ठेवलं होतं. मधे आई तानुबाई आजारी पडली म्हणून ललिताची शाळा चौथीतून सुटली होती.

माणिकबाईनं चहा ठेवला. गुरुजींनी ट्रंक उघडली, कागद काढले आणि बोट खाली सरकवत गेले. एकशे बारा, देवमनची मुलगी सुंदरा. एकशे चौदा.

त्यांनी पान उलटून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

मग त्यांना आठवलं. ज्या नावांवर तांबडी रेघ होती, गैरहजेरीमुळे जी नावं कमी केली होती, ती त्यांनी उतरवलीच नव्हती. शाळेतून गेलेल्यांची नावं कशाला, कागद वाचतील, असं वाटलं होतं. नक्कल फार स्वच्छ दिसत होती, याचा अभिमानही होता.

"सुंदरा अन् ललिता एकाच दिवशी घातल्या होत्या शाळेत," पंजाबराव हळूच म्हणाले. "तो मधे खाली राहिलेला नंबर हिचाच हाय, गुरुजी. तुमच्यापाशी तेच शाई हाय. लिहून टाका ना. कोणाले काय समजते?"

गुरुजींनी पिशवीतली दौत काढली. झाकण उघडलं. ललिता त्यांच्याकडे नाही, कागदाकडे पाहत होती. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? पण ही ओळ मी मागाहून घातली, तर बाकीच्या सोळा शाळांतली कोणती ओळ खरी, हे मलाच कसं कळणार?

"मले नाही जमत, पंजाबराव," ते म्हणाले. "पण येतो मी तिथं. बोलतो."

"बोलून काय होते?" पंजाबराव कडवट झाले. वाटेत ते दहा पावलं पुढंच चालत राहिले.

दाईच्या वर्गाच्या मेट्रनबाई चष्म्यावरून पाहणाऱ्या होत्या. गुरुजींनी कागद पुढं ठेवला आणि एकशे बारा नंबरच्या खाली बोट टेकवलं.

"बाई, एकशे तेरा नंबर मी गाळला. रजिस्टरात होता. कुणाचं नाव होतं, ते मला आठवत नाही. पण ही वरच्या ओळीतली मुलगी हिच्यासोबतच दाखल झाली, असं हिचे वडील सांगतात. चूक माझी आहे, मुलीची नाही."

"तुम्ही नुसतं नाव लिहून आणलं असतं," बाई म्हणाल्या, "तर मी शंकाही घेतली नसती."

"हो," गुरुजी म्हणाले.

बाईंनी टेबलावरची औषधाची बाटली ललितापुढं सरकवली आणि वरचं मराठी वाचायला सांगितलं. ललितानं वाचलं. एका शब्दावर अडली, मागं आली, पुन्हा नीट वाचलं. बाईंनी गुरुजींकडून सगळं लिहून, सही करून घेतलं. सरकारी डॉक्टरकडून वयाचा दाखला आणा, शिरजच्या हेडमास्तरांचं आणि देवमनच्या मुलीचं लेखी द्या, पंधरा दिवस देते, तोवर जागा धरून ठेवते, एवढंच बोलल्या. होईल, असं काही म्हणाल्या नाहीत.

दवाखान्यात लांब रांग होती. भिंतीशी बाक होता, त्यावर पंजाबराव आणि ललिता बसले. गुरुजी बाजूला उभेच राहिले, बाकीच्या सोळा शाळांची रजिस्टरं पुन्हा मागायची म्हणजे सोळा हेडमास्तरांना काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करत.

पंजाबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते सरकले आणि त्यांनी बाकावर हातानं थोपटलं.

"बसा गुरुजी," ते म्हणाले. "लय टाइम हाय अजून."