मांडवातला खोकला

नात गोजराच्या लग्नाच्या सकाळी वेणूबाई मागच्या पडवीत हळकुंडं निवडत होती. विधवेला मांडवात जागा नव्हती. तिचा आवाज मात्र हवा होता, कारण ऐरोलीच्या त्या खाडीकाठी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, तिच्याइतकी कुणाला येत नव्हती.

यावर पंचांनी तोड काढली: मांडवात तिची कॅसेट लावायची. पाच वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तर साली, बोलींचा अभ्यास करणाऱ्या सुमित्राबाई वेणूबाईकडे महिनाभर राहिल्या होत्या. एक गायची, दुसरी टेप करायची. मग सुमित्राबाई वहीत उतरवलेलं वाचून दाखवायच्या आणि वेणूबाई त्यातल्या चुका काढायची. एक कॅसेट तिच्याकडे राहील, असं दोघींचं ठरलं होतं. तेव्हा नवरा सिताराम जिवंत होता. म्हणजे कॅसेटमधली वेणूबाई सवाष्ण. हे तिच्या मुलानं, दत्तूनं, गंभीरपणे मांडलं आणि तितक्याच गंभीरपणे मान्य झालं. टेपला कुंकूही लावलं.

लग्नाला आलेल्या सुमित्राबाईंनी पडवी गाठली. "तुम्हाला विचारलं का यांनी?"

"मना कोन इचारतंय, बाय? तुमी इचारलावता, तवराच."

"मी बोलू दत्तूशी?"

"नको. पोरीचं लगीन हाय."

सुमित्राबाई गप्प बसल्या. ते त्यांना पुढं कायम टोचत राहिलं.

टेप सुरू झाली. भिंतीपलीकडून वेणूबाईला स्वतःचाच भरदार आवाज आला. तिचे ओठ हलू लागले, तिनं पदर तोंडावर दाबला. कडवं संपलं आणि मांडवात कुणीतरी खोकलं. ओळखीचा, मिठागरात मुरलेला खोकला.

"वेने, थांब. पानी पी," सिताराम म्हणाला.

दत्तू सवयीनं पाटावर सरकला, बापाला जागा केली. पडवीत वेणूबाईचा हात तांब्याकडे गेला.

मुंडावळ्या सावरत गोजरा उठली आणि तिनं बटण दाबून टेप बंद केली. "आजा मेला तरी मांडवान आला. त्याला कोन 'नको' बोलला नाय. मंग जिती आजी पडवीत का?"

"अगो, ती टेप हाय," दत्तू पुटपुटला.

"मंग टेपचंच लगीन लावा, बाबा."

गोजरा परत न बसता भिंतीला टेकून उभी राहिली. नवऱ्याकडच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सुमित्राबाईंनी पुढं होऊन कॅसेट काढली, पडवीत नेऊन वेणूबाईच्या हातात ठेवली.

वेणूबाई आधी पाणी प्यायली. मग तिनं उंबरा ओलांडला. आवाज आता चिरका झाला होता, पण टेप जिथं थांबली तिथूनच तिनं पुढचं कडवं उचललं.

दत्तूनं बापासाठी केलेली जागा अजून रिकामीच होती. गात गात ती तिथं बसली.