फरशीवरचा शब्द

वसईतल्या पाचूबंदरच्या मार्थाताईंना धाकट्या मुलाच्या, ऑस्टिनच्या, थडग्यावर नवी फरशी बसवायची होती आणि तिच्यावर नाव, जन्म, मृत्यू यांच्याखाली एकच शब्द कोरून घ्यायचा होता: टिंबाडो.

या शब्दाला अर्थ नाही. ऑस्टिन लग्नांत माईक धरायचा. नवरानवरी मंडपात शिरली की तो 'टिंबाडो!' अशी आरोळी ठोकायचा आणि बँड सुरू व्हायचा. काविळीने तो गेला. त्यानंतर त्याची एक जुनी चित्रफीत कुणीतरी इंटरनेटवर टाकली आणि वर्षभरात तो शब्द रिक्षांच्या मागे, तुळिंजच्या बाजारातल्या टी-शर्टांवर आणि शाळकरी पोरांच्या तोंडी जाऊन बसला. त्याबरोबर दावेदारही आले. कुणी म्हणे तो एका जुन्या विनोदी चित्रपटातला, कुणी म्हणे लहान मुलांच्या कार्टूनमधला, कुणी म्हणे तुळिंजच्या एका ऑर्केस्ट्रातल्या विदूषकाचा.

"दगडावर लिहून ठेवशील नि उद्या तुळिंजवाला दारात आला, तर काय पॉलिश पेपरने घासशील?" मार्थाताईंचे पती पास्कल म्हणाले.

"तू गप. मी सरांना विचारते."

सर म्हणजे चंद्रहास, पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. ऑस्टिन त्यांच्या वर्गात दोन वर्षे मागच्या बाकावर बसला होता.

"सर, एवढंच सांगा, शब्द माझ्या पोराचा हाय का? नसला तर गाव हसेल. मेल्यावर त्याला कोनी चोर म्हनायला नको."

चंद्रहासांनी काम मनापासून घेतले. चित्रपट अनेकांना आठवत होता, पण प्रत्येकाला वेगळा. त्यांपैकी जे मिळाले ते त्यांनी पाहिले, शब्द कशातच नव्हता. कार्टूनचा तो भाग कुणालाच दाखवता आला नाही. स्मृती हा पुरावा नव्हे, अशी नोंद करून त्यांनी दोन्ही दावे बाजूला ठेवले आणि शेजारच्या उन्नतीला घेऊन ते तुळिंजला गेले. ती एका स्थानिक वाहिनीसाठी चित्रफिती जोडण्याचे काम करी.

ऑर्केस्ट्रातला विदूषक शत्रुघ्न आता मोबाईलची कव्हरे विकत होता. त्याने पेनड्राइव्ह शोधून दिला. त्यात एक चित्रफीत होती: गणपतीचा मंडप, मागे फलकावर स्पष्ट वर्ष, २०११, आणि पुढे लाल टोपीतला शत्रुघ्न ओरडतो आहे: टिंबाडो! ऑस्टिनची सर्वांत जुनी चित्रफीत २०१६ची होती.

"म्हणजे शब्द तुमचा?" उन्नतीने विचारले.

"माझा कसला, मॅडम! कुणाच्या तरी तोंडून उचलला असणार. स्टेजवर सुचेल ते बोलायचो. आणि तो वसईचा पोरगा आमचा कार्यक्रम बघायला कशाला येईल?"

परतताना उन्नती म्हणाली, "काका, मावशींना सांगताना जरा सांभाळून सांगा."

"सांभाळून म्हणजे? जे आहे ते क्रमाने सांगेन."

त्यांनी ते क्रमानेच सांगितले. मार्थाताई ओटीवर सुकट निवडत होत्या, पास्कल शेजारी बसले होते. चंद्रहास म्हणाले, "उपलब्ध पुराव्यानुसार हा शब्द ऑस्टिनच्या आधी वापरात होता."

मार्थाताईंचा हात थांबला. पदराला बोटे पुसून त्या उठल्या, "बरं झालं सर, वेळेवर सांगितलंत," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. सर्वांत जुनी नोंद म्हणजे उगम नव्हे, शत्रुघ्नलाही तो कुठून मिळाला ठाऊक नाही, ऑस्टिनने तो स्वतंत्रपणे रचला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे पुढचे सगळे चंद्रहासांनी पास्कलना सांगितले. पास्कल नुसती मान हलवत होते. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. चहा आला तेव्हा मार्थाताईंनी विषय बदलला होता आणि अर्धवट राहिलेले विधान पुन्हा पहिल्यापासून मांडणे चंद्रहासांना अवघड वाटले. नंतर कधीतरी सांगू, असे त्यांनी ठरवले.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, चंद्रहास दफनभूमीत गेले. सगळीकडे झेंडूची फुले आणि मेणबत्त्या होत्या. फरशी बसली होती.

"मार्थाताई," ते म्हणाले, "शब्द त्याचा नव्हता, असं मी म्हटलं नव्हतं. पहिला कोण, ते कुणालाच सांगता येत नाही, एवढंच सिद्ध होतं."

"राहू द्या, सर. तुम्ही आमची लाज राखलीत." त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे वळून सांगितले, "मटिल्डा, हेच ते सर. यांनी शोधून काढलं." मग मेणबत्तीची वात सरळ करत त्या हळूच म्हणाल्या, "आधी मी घरात एकटी असले की तो शब्द मोठ्याने म्हनायची. वाटायचं, तो हाय इथंच. आता म्हनवत नाय. वाटतं, कोना दुसऱ्याची वस्तू एवढी वर्षं आपल्या घरात राह्यली."

चंद्रहासांनी वाकून मेणबत्ती लावली. समोर फरशीवर फक्त एक नाव होते आणि दोन तारखा. तिन्ही गोष्टी कागदोपत्री सिद्ध करता आल्या असत्या.