नळातली सवत

नरसिंहरावांच्या दारापुढे सकाळपासून माणूस मावत नव्हतं. बारा वर्षांनी येणाऱ्या महामखाच्या स्नानपर्वाला जमणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी माडीवर खोल्या बांधल्या होत्या आणि खालच्या बंबातलं कढत पाणी तांब्याच्या नळाने वर नेलं होतं. तोच नळ आठवडाभर कण्हत होता, ठोके देत होता. वर थेंब येत नव्हता.

"आत तुमची मेलेली सून बसलीय!" मांत्रिक भस्मस्वामीने नरसिंहरावांच्या पत्नीला, तुळसीबाईंना, सांगितलं. "सवत आली म्हणून खवळलीय. नवीच्या हाताला डाग द्या, तरच जाईल."

नवी म्हणजे दुसरी सून, अंबुजा. लग्न होऊन आठवडाच झाला होता.

स्वामीने बंबातले निखारे होमकुंडात ओढले, सांडशी तापत ठेवली आणि गरजला, "ओम् ह्रीं, गप्प! ओम् फट्, तोंड मीट!" हळूहळू नळ खरंच गप्प झाला. गर्दीने हात जोडले. अंबुजाचा नवरा जानकीराम मान खाली घालून उभा होता.

"हात पुढे कर, अंबुजा," तुळसीबाई रडत म्हणाल्या.

"नाही करणार, अम्मा. निखारे परत बंबात घालते. स्वामी, मंत्र चालू ठेवा."

"ती पुन्हा उठेल!"

"उठू द्या. मंत्र आहे ना तुमचा?"

तिने निखारे बंबात लोटले, वर लाकडं घातली. स्वामीचा घसा बसला, पण अर्ध्या तासात नळ त्याच्याहून मोठ्याने ठोके देऊ लागला.

"मंत्र चालूच आहे. बदलला तो विस्तव," अंबुजा घरच्यांकडे वळून म्हणाली. "माझे अप्पा पापनाशम्‌च्या भातगिरणीत बॉयलरवर आहेत. लग्नाआधी तुम्ही नळ सोडवून त्याचे सांधे झाळून घेतलेत, तेव्हा वरच्या वळणात हवा अडकली. पाण्याला वाट नाही, म्हणून तापलं की ते धडका देतं."

विस्तव काढून तिने बंब निवू दिला. मग माडीवर जाऊन वळणावरचा पेच पान्याने सैल केला. फुस्स्!

"पळाली! ती पळाली!" स्वामी ओरडला.

अंबुजाने जानकीरामाचा हात फटीवर धरला.

"हवाच आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

पाण्याची चिळकांडी उडताच तिने पेच आवळला. बंब पुन्हा पेटला; वर वाफाळतं पाणी आलं. नळातून जराही आवाज नाही.

स्वामी गाठोडं उचलून निघाला, तर तुळसीबाई दारात आडव्या. "आधी माझ्या सुनेची माफी माग!"

त्याने मागितली, पुटपुटत. पण सांडशी त्याने एकट्याने तापवली नव्हती. त्या गर्दीत हात जोडणारे आपणही होतो. कशाचा आवाज येतो ते कळेना, तर ‘माहीत नाही’ म्हणा, शोधा, जाणत्याला विचारा. मेलेल्या बाईवर आळ घेऊन जिवंत बाईला डाग देऊ नका!