पिवळी बाटली

बाटलीतलं पाणी पिवळं पडलं होतं. काल संध्याकाळी तिनं स्वतः ओतलं तेव्हा ते गुलाबी होतं — आणि अजून दोन दिवस गुलाबीच राहायला हवं होतं. पेशींनी त्यातलं सगळं खाऊन टाकलं की ते असं पिवळं पडतं. म्हणजे रातोरात पुन्हा दुप्पट... दादाच्या कातडीच्या नखाएवढ्या तुकड्यातून घडवलेल्या मूलपेशी. त्यांचा स्नायू करून दादाच्या थकलेल्या हृदयात सोडायचा. पण त्यासाठी आधी त्या कोट्यवधी हव्यात, आणि इतके महिने या मेल्या वाढता वाढत नव्हत्या.

"वा! आता कशा वाटेवर आल्या," मागून प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "तुझ्या हाताला गुण आहे बाई. याच आठवड्यात पुढच्या टप्प्याला देऊन टाकू."

ती सवयीनं हसली. हाताला गुण... काय करत होता हा हात? दर खेपेला टपोरे, भराभर पसरणारे पुंजके उचलायचे, रेंगाळणारे टाकून द्यायचे — पुरेशा व्हायला हव्या होत्या ना, मग? आईसुद्धा म्हणायचीच, खाणारं पोर गुणाचं, आणि दादाच्या ताटात चार घास जास्त पडायचे, माझ्या ताटाकडे बघतही नसे... पण आज सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींच्या अंगावर चढलेल्या दिसत होत्या. पूर्वी शेजारणीला टेकल्या की जरा दमानं घ्यायच्या. या थांबत नव्हत्या. निवडून निवडून मी न थांबणाऱ्याच निवडल्या की! अगं बावळटे, आणि हे तुला आज कळतंय.

गुणसूत्रांची तपासणी करायला पाठवायचं, तर निकाल यायला कितीतरी आठवडे. बिघडलेल्या निघाल्या तर सगळं पहिल्यापासून. तेवढा वेळ दादाकडे नाही, हे घरात कुणी बोलत नाही — वहिनीनं त्याचं अंथरूण खालच्या खोलीत आणलं, तेव्हाही जिन्याचा विषय कुणी काढला नाही. आणि तशाच दिल्या तर... त्याच्या छातीतही त्या थांबायच्या नाहीत. गाठ होईल. मीच वाढवलेली.

टाकून द्यायला ठेवलेली एक बाटली मागच्या फळीवर होती. तिनं ती उजेडात धरली. अजून गुलाबी. इवलेसे चार पुंजके, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बघून तिला रडूच आलं. एवढ्याशांनी काय होणार होतं?

फोन वाजला. गुलाबी बाटली खाली ठेवून तिनं तो घेतला. वहिनी.

"वाढल्या का हो वन्सं?"

"वाढल्या," ती बोलून गेली — आणि पलीकडे वहिनी ते आनंदानं ओरडून सांगते आहे, हे तिनं ऐकलं. मग फोनवर दादाच आला.

"काय गं चिमणे, काय म्हणतात माझी पिल्लं?"

"खादाड आहेत."

"माझ्यावर गेलीत म्हणायची!" तो हसला, आणि हसता हसताच त्याला धाप लागली.

नाही रे, तुझ्यावर नाही गेली...

"दादा, ऐक ना —"

"थांब... जरा... मग बोल."

पिवळी बाटली तिच्या दुसऱ्या हातात होती, अंगाइतकी कोमट. ती थांबली. पलीकडे श्वास अडकत होता, सुटत होता, पुन्हा अडकत होता. तो सावरला की सांगायचं, तिनं ठरवलं. त्याची धाप हळूहळू कमी होत चालली, आणि तिच्या लक्षात आलं — ती इतक्यात थांबू नये, असं आपल्याला वाटतंय.